एक माळ जास्त

० मीटर

दिगंबर मेतर बुडबुडे वाचतो.

मोठे, थांबून थांबून येणारे: माणूस मासा बघतोय आणि श्वास विसरतोय.

बारीक, सलग: घाबरलाय. ते अजून त्याचं त्याला कळलेलं नाही.

एकदम ढीगभर, मग काहीच नाही, मग पुन्हा ढीगभर: हसला आणि मास्कमध्ये पाणी शिरलं.

दोन माळा एकमेकींना चिकटून: नवं जोडपं. दोन माळांमध्ये पंधरा फूट: लग्नाला दहा वर्षं झालेलं जोडपं.

रेश्माचे: सहा आकडे मोजावेत, मग एक झुबका. पुन्हा सहा. चिडलेली असेल तर चार.

रेश्मा त्याची बायको. ती पाहुण्यांना घेऊन खाली जाते, तो वर होडीवर असतो. होडी बुडबुड्यांच्या मागून, इंजिन जवळजवळ बंद ठेवून, गुराख्यासारखी चालवायची. लोक जिथे वर येतील तिथे होडी आधीच असली पाहिजे. मालवणात दोघांनी हेच काम केलं आणि गेली नऊ वर्षं अंदमानच्या समुद्रात हेच करताहेत.

इथली जागा म्हणजे कोयती. स्वराज द्वीपापासून होडीने अडीच तास. विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड समुद्रातून अर्धंच वर आलेलं आहे. उरलेला अर्धा काठ कधीतरी कोसळला, म्हणून वरून बघितलं तर बेट कोयत्यासारखं दिसतं. कोयत्याच्या पोटात उथळ, हिरवं, स्वस्थ पाणी. तिथे पोहणारे लोक तोंडात नळी धरून तासन्‌तास पालथे तरंगतात. पाठीला मात्र काळी भिंत सरळ नव्वद मीटर खाली जाते. भिंतीत नऊ मीटरवर एक आरपार भोक आहे, एका वेळी दोन माणसं जातील एवढं. त्याला सगळे खिडकी म्हणतात.

० मीटर, तेच

एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. लपवली होती असंही नाही.

खाली सहा माणसं असली तर माळा सात यायच्या. चार असली तर पाच. पहिल्या वर्षी त्याने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं नाही. प्रत्येक जागेला राखणदार असतो. शेताला असतो, विहिरीला असतो, मग एवढ्या मोठ्या भिंतीला नसेल? त्याने सुपारीचं खांड पाण्यात सोडलं आणि त्या जास्तीच्या माळेपासून होडी लांब ठेवली. राखणदाराच्या वाटेत उभं राहायचं नसतं. तो आपल्या माणसांना सांभाळतो, आपण त्याची वाट मोकळी ठेवायची. एवढाच करार.

० मीटर, मुक्ता येते

मुक्ता राजहंस पुण्याहून आली ती एक पेटी घेऊन. वय एकतीस, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा. पेटीतून तिने पाठीवर बांधायचं एक यंत्र काढलं.

"ह्या काय? गॅसची शेगडी?" दिगंबरने विचारलं.

"कल्ला," ती म्हणाली. "माशाला असतो तसा."

"माशाक दोन असतत."

"हा एक चालला की दुसरा करू, दिगंबरदादा."

रेश्मा तोवर यंत्र हातात घेऊन उलटंपालटं करत होती. "हवेची बाटली खंय?"

"बाटलीच नाही. हवा तुम्ही समुद्रातून घ्यायची."

"आणि सोडलेली हवा?"

"ती आतल्या आत साफ होऊन परत तुमच्याकडे येते. बाहेर काहीच जात नाही. बुडबुडा नाही, आवाज नाही. मासे पळत नाहीत."

दिगंबरने इंजिनाच्या झाकणावरून हात काढला. "मगे माका कळात कसा, ही खंय आसा ती?"

मुक्ताने त्याच्या हातात वहीएवढा पडदा दिला. "कल्ला आवाजाच्या लहरी पाठवतो. इथे ठिपका दिसेल."

"ठिपको चिडलो तर दिसतलो?"

"ठिपको कित्याक चिडात?" रेश्मा नवऱ्याकडे बघत म्हणाली. "ठिपक्याक घोव नसता."

एक चमचा

पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, पण किती? एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याएवढा. माशाला तेवढ्यात भागतं, कारण त्याचं रक्त थंड आणि गरज कमी. आरामात पोहणाऱ्या माणसाला मिनिटाला दोनशे चमचे लागतात. म्हणजे मिनिटाला किमान दोनशे लिटर पाणी गाळायला हवं. कल्ल्यातला पंप तीनशे लिटर ओढायचा आणि केसांहून बारीक अशा हजारो पोकळ तंतूंवरून सोडायचा. तंतूंच्या आत कोबाल्टचे स्फटिक होते. ते प्राणवायू धरून ठेवायचे आणि किंचित गरम केले की सोडायचे. काही बिघडलंच तर चार मिनिटांची राखीव कुपी कमरेला. मुक्ताचा सहा वर्षांचा अभ्यास एवढ्यात सांगून होतो.

एवढ्यात न सांगता येणारी गोष्ट अशी. बाटली घेऊन बुडी मारणारा माणूस आपला डबा घरून घेऊन आलेला असतो. समुद्रात काय शिजलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कल्ला लावलेला माणूस समुद्राच्या पंगतीला बसतो. जे वाढलं जाईल ते खातो.

१२ मीटर

पहिल्या बुडीत रेश्माला वाटलं, कान गेले.

तेवीस वर्षं प्रत्येक श्वासाला तिच्या डोक्याभोवती गडगडाट व्हायचा. तो नाहीसा झाला आणि त्याच्या मागे जे होतं ते ऐकू येऊ लागलं. भिंत तडतडत होती, हजारो कोळंब्या एकाच वेळी नांग्या आपटत होत्या. पोपटमासा प्रवाळ खात होता, त्याचा कुरकुर आवाज येत होता, शेजारी कुणी चणे फोडत बसल्यासारखा. काळ्या दगडाच्या कपारीतून सापासारखी लांब वाम बाहेर आली, तिच्याकडे बघत राहिली आणि आत गेली नाही. केशरी माशांचा थवा तिच्या अंगावरून दुभंगून पुढे गेला, जणू तीही भिंतच.

वर आल्यावर तिने आधी मास्क काढला. मग एकदम सुरू झाली. "वाम माझ्या हाताएवढ्या अंतरावर होती, दिगू! दात मोजलंय मी तिचे!"

"किती?"

"मोजूक नाय सगळे. पण मोजूक येत होते."

दिगंबर हसला. तासभर त्याने ठिपका बघितला होता. ठिपका इकडून तिकडे गेला होता.

० मीटर, जेवताना

कल्ल्याच्या बारा चाचण्या व्हायच्या होत्या. त्या ठीक झाल्या की पुढच्या हंगामापासून कोयतीला बाटल्या बंद, सगळे पाहुणे कल्ल्यावर, आणि मार्गदर्शकांची प्रमुख रेश्मा. होड्या माग काढणार नव्हत्या. एका जागी नांगर टाकून उभ्या राहणार होत्या, आणि ठिपके कुणीही बघू शकतं.

अकरावी चाचणी झाली त्या दिवशी बांगड्याचा काटा काढता काढता दिगंबर म्हणाला, "बाबलाचो फोन इललो."

बाबल त्याचा धाकटा भाऊ, मालवणात होड्या बांधतो.

"काय म्हणता?"

"माणूस व्हयो म्हणता. मी जातंय."

"आणि मी?"

"तुका हय काम आसा. प्रमुख होतलंस." तो चिडून बोलला नाही, खोचकही नाही. पाऊस येणार असं सांगावं तसं बोलला. "मी हय बसान काय करू? ठिपको राखू?"

रेश्माने ताट समुद्रात विसळलं. तिला प्रमुख व्हायचं होतं. ते आवाज पुन्हा ऐकायचे होते. आणि लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी एकदाही असं झालं नव्हतं की ती वर आली आणि होडीवर दुसरंच कुणीतरी उभं आहे. या दोन गोष्टी एकाच ताटात बसत नव्हत्या.

बारावी चाचणी

वर. सकाळचे सव्वादहा. समुद्र तेल ओतल्यासारखा. मुक्ता कोयत्याच्या पोटात नळी लावून पाण्याचे नमुने गोळा करत होती, काठाच्या पलीकडे. भिंतीच्या बाजूला दिगंबर एकटा.

खाली. रेश्मा खिडकीकडे निघाली. नऊ मीटर. तिथे तिला काहीतरी चकाकताना दिसलं.

वर. पाण्यावर एक माळ आली. दिगंबरने ती ओळखली. इतकी वर्षं गर्दीत सातवी असणारी, आज एकटी. मग तिच्याशेजारी दुसरी. मग तिसरी.

खाली. खिडकीच्या उंबरठ्यावरच्या भेगेतून बुडबुडे निघत होते. बारीक, चांदीचे, एकामागून एक. असले बुडबुडे तिने आधी पाहिले असतील, पण तेव्हा तिचे स्वतःचे आणि पाहुण्यांचे बुडबुडे असायचे. कोणाचे कुठले, कोण बघतं? ती थांबली. भेगेला हात लावला. गरम.

वर. पडद्यावरचा ठिपका बरोबर तीन माळांच्या खाली उभा होता.  दिगंबरला वाटलं, ती राखणदाराच्या समोर उभी आहे. त्याची वाट अडवायची नसते. आणि ती त्याच्यापाशी आहे म्हणजे तिची काळजी नाही. त्याने अंगठ्याने कपाळाला स्पर्श केला आणि होडी हळूच मागे घेतली. साठ मीटर.

खाली. काय सुंदर आहे, असं तिला वाटलं. मग वाटलं, डोकं का दुखतंय? ती मोजू लागली. दोन श्वासांमध्ये सहा आकडे असायचे तिथे चार येत होते. मग तीन. कल्ल्याचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला होता आणि तो कधी झाला हे तिला आठवेना. पुढचा विचार तिने केला नाही, तो तिच्या हाताने केला. कमरेची कुपी उघडली. वर.

वर. पाणी फुटलं. रेश्माने मास्क ओढून काढला, गरगर फिरून चारी बाजूंना बघितलं.

होडी जवळ नव्हती.

० मीटर, त्यानंतर

होडी पुढे आणून त्याने तिला वर ओढून घेतलं तेव्हा तिचे ओठ जांभळे होते. त्याच्या हाका ऐकून मुक्ता काठ ओलांडून धडपडत पोहत आली. तिने रेश्माला बाटलीतला प्राणवायू दिला, बोटाला मापक लावला, डोळ्यांत बॅटरी मारली. पंधरा मिनिटांनी ओठांना रंग आला. रेश्माने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"होडी खंय होती?"

"मागे घेतलंय."

"कित्याक?"

त्याने दोरी गुंडाळायला घेतली.

"दिगू, एकवीस वर्सांत पयल्यांदा वर येऊन बघलंय आणि तू नाय. कित्याक?"

"राखणदार होतो थंय. एक माळ नेहमी जास्त येता, ती तेची."

"कोण होतं?" मुक्ताने विचारलं.

 रेश्मा नवऱ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने जे केलं त्याची दिगंबरला अपेक्षा नव्हती. ती हसली. तिला खोकला आला, तरी हसली.

"तेका बघून तू मागे सरलंस? अरे, माकाच बाजूक काढूक व्हया होता!"

"माका वाटला, तो बघतलो तुका."

"बघल्यान. बरोबर बघल्यान."

घटना-नोंद (रेश्माने भरलेला कागद)

चाचणी क्रमांक: बारा.

खोली: नऊ मीटर.

यंत्रात बिघाड: नाही.

बुडी मारणाऱ्याची चूक:

इथे ती बराच वेळ थांबली. "थकवा" लिहिलं असतं तर चाचणी पार पडली असती. मुक्ताची सहा वर्षं वाचली असती, रेश्माचं प्रमुखपद पक्कं झालं असतं. मुक्ता समोरच बसली होती. ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

बुडी मारणाऱ्याची चूक: नाही.

कारण: त्या जागी पाण्यात प्राणवायू कमी होता. भिंतीतून वायू येतो.

हे पूर्वी कुणाच्या लक्षात आले होते का: हो. माझ्या नवऱ्याच्या.

खुणा

"किती वर्षं?" मुक्ताने विचारलं.

"नऊ."

"आणि एकाच जागी?"

"राखणदार खंय एका जाग्यार बसता?" दिगंबर म्हणाला. "तो फिरता."

मुक्ताच्या हातातलं पेन थांबलं. "कुठून कुठे?"

समुद्रावर रस्ते नसतात, म्हणून कोळी दोन खुणा एका रेषेत धरतो. ही टेकडी त्या झाडावर आली की जाळं टाक. दिगंबरनेही राखणदारापासून लांब राहण्यासाठी दर हंगामात अशाच खुणा धरल्या होत्या. पहिल्या वर्षी काठावरची खाच केवड्याच्या झुडपांवर यायची. दुसऱ्या वर्षी केवड्याच्या उजवीकडे वीतभर. चौथ्या वर्षी खाच सोडावी लागली, पक्ष्यांनी पांढरा केलेला खडक धरला. मुक्ताने एकेक खूण नकाशावर टाकली. नऊ ठिपके. ते विखुरलेले नव्हते. काठाच्या बाकाला धरून एक सलग रांग चालली होती, वर्षाला अकरा-बारा मीटर, आणि रांगेचं डोकं या हंगामात खिडकीला पोचलं होतं.

"कोयती विझलेली आहे असं पुस्तकात आहे," मुक्ता म्हणाली.

"पुस्तक लिवणारो वर बसान लिवता काय खाली जाऊन?"

"कुठेच जाऊन नाही." ती नकाशावरून नजर हटवत नव्हती. "हा बहुतेक कर्बवायू. खाली कुठेतरी ऊब आहे आणि तो भेगांमधून वाट काढतोय. वर येताना हे बुडबुडे आजूबाजूच्या पाण्यातला प्राणवायू आपल्यात ओढून घेतात, म्हणून तिथलं पाणी रितं. बाटलीवाल्यांना काय कळणार? आणि त्यांच्या बुडबुड्यांत हा दिसणार तरी कसा?"

"म्हणजे ज्वालामुखी जागो जाता?" रेश्माने विचारलं.

"माहीत नाही."

"मगे पुढे काय?"

"तेही माहीत नाही!" मुक्ता हे इतक्या आनंदाने म्हणाली की दोघं तिच्याकडे बघत राहिली. ती वरमली. "म्हणजे, कल्ला इथे बंद. पाण्यातला प्राणवायू आधीच ओळखेल असं काहीतरी बसवेपर्यंत तरी. ताई, तुमचं पद..."

"गेला. ठाऊक आसा माका," रेश्मा म्हणाली. आनंदाने नाही. तिने कल्ल्याचा पट्टा नीट गुंडाळला आणि पेटीत ठेवला. पेटीचं झाकण मात्र तिने लावलं नाही, मुक्तालाच लावावं लागलं.

थोड्या वेळाने मुक्ता म्हणाली, "दादा, खाली जाऊन बघायला हवं. कुठली भेग जुनी, कुठली नवी. तुमच्या खुणा तुम्हालाच माहीत."

"मी नाय जाणा. वरचो माणूस वर."

"कोणी सांगितलं?"

"बापाशीन."

"तुझो बापूस कधी खिडकीत गेल्लो?" रेश्माने विचारलं.

९ मीटर

तीन दिवसांनी तो गेला. बाटली लावून. आपला डबा आपल्यासोबत. रेश्माने त्याचा दंड धरला होता, पाहुण्याचा धरतात तसा. पहिली पाच मिनिटं त्याला काहीच दिसलं नाही, स्वतःच्या श्वासाचा गोंधळच तेवढा. मग भिंत दिसली.

त्याने तिला नेहमी वरून पाहिलं होतं, पाण्याखालची काळी सावली म्हणून. तिला खांब होते. तिच्यावर जांभळ्या पंख्यांसारखी जनावरं उगवली होती. ती खाली जात होती आणि खाली जात जात निळी होत होती, आणि तळ नव्हता.

खिडकीच्या उंबरठ्याशी तो आला. भेग त्याच्या तळहाताएवढी. बुडबुडा आत मोहरीएवढा जन्मायचा, वर जाता जाता वाटाण्याएवढा व्हायचा. त्याने इतकी वर्षं फक्त शेवट पाहिला होता. भेगेवर त्याने हात ठेवला. गरम. बुडबुडे बोटांच्या फटींतून बाहेर आले आणि गेले.

मग तो भिंतीच्या कडेने पुढे सरकला, रेश्माला ओढत. नवी जागा तो डोळ्यांनी शोधत नव्हता. अकरा मीटर अंदाजाने मोजत होता, होडीवरून मोजायचा तसं. थांबला. एका ओबडधोबड दगडाखाली बोट केलं. रेश्माला काही दिसेना. तिने डोकं खाली घातलं. दगडाखाली, केसासारख्या चिरेत, तांदळाच्या कणीएवढा एक बुडबुडा चिकटून बसला होता. तो सुटला. बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

० मीटर

मुक्ता होडीच्या काठावर अर्धी बाहेर लोंबत होती. "काय आहे? काय आहे?"

दिगंबरने तोंडातली नळी काढली. नाक वाहत होतं. "भोकां."

"किती?"

"तीन जुनी. एक नवी उघडता. आणि तेच्या पलीकडे दगड फुगलेलो आसा, थंय काय ता बघूक व्हया. ह्या वर्साक नाय उघडाचा. पुढल्या."

"राखणदार भेटलो?" रेश्माने विचारलं.

तो पाण्यात तरंगत विचार करत राहिला. तिला वाटलं, चिडला.

"तो आसा तो आसा," तो म्हणाला. "पण तेका ताप आसा. कधीपासून, ता माका सांगूक येणा नाय. खाली कधी गेलंयच नाय मी."

मुक्ताने होडीतून वही काढली आणि पुन्हा ठेवली. लिहिण्याआधी तिला त्याच्या तोंडून सगळं ऐकायचं होतं, पण तो रेश्माकडे वळला होता.

"बाबल भावोजींका काय सांगू?" रेश्मा म्हणाली. "आज फोन करतले."

"सांग, होडी बांधूक माणूस खंयही गावतलो." त्याने मास्क थुंकीने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "हेका बघणारो गावाचो नाय."

"आणि मी? हय मी आता प्रमुख नाय, काय नाय."

"तू माका खाली ने," दिगंबर म्हणाला, "बाकी मी बघतंय," आणि तिच्या उत्तराची वाट न बघता त्याने पाण्यात तोंड घातलं.